‘कमी मेंटेनन्स’चा तयार फ्लॅट घेताना: कोथरूड-कर्वेनगर भागातल्या खरेदीदारांसाठी कामांचा क्रम

‘आधुनिक, लो-मेंटेनन्स, फॅमिलीसाठी उत्तम’ अशी जाहिरात वाचून लोक फ्लॅट पाहायला जातात आणि टाइल्स, मॉड्युलर किचन, फॉल्स सीलिंग बघून भारावून परत येतात. महिन्याचा मेंटेनन्स टाइल्सवर ठरत नाही. लिफ्ट किती जुनी, पाणी कुठून येते, पार्किंग साधे की यांत्रिक, गच्चीचे वॉटरप्रूफिंग कधी झाले आणि सोसायटीच्या खात्यात किती पैसे शिल्लक आहेत, यावर तो ठरतो. यातले काहीही फ्लॅटच्या आत दिसत नाही.

नेहमीचा चुकीचा क्रम असा: फ्लॅट आवडला, टोकन दिले, मग वकील, मग बँक. सोसायटीचा ताळेबंद कोणी बघतच नाही. टोकन गेले की सौदा मोडायची हिंमत राहत नाही आणि पुढची प्रत्येक तपासणी ‘बघू, होईल काहीतरी’ या सुरात होते. म्हणून खालच्या क्रमात पैसे देणे सातव्या टप्प्यावर आहे.

हे सगळे तयार, पुनर्विक्रीच्या फ्लॅटसाठी आहे. कोथरूड, कर्वेनगर, एरंडवणे डोळ्यांसमोर ठेवून लिहिले असले तरी सहकारनगर, बिबवेवाडी, औंधलाही तसेच लागू पडेल. बांधकाम चालू असलेल्या प्रकल्पाची खरेदी हा वेगळा विषय आहे.

## टप्पा १: फ्लॅट बघण्याआधी पैशांचा हिशेब

उदाहरणासाठी १ कोटी २० लाखांचा फ्लॅट धरू.

पुणे महापालिका हद्दीत मुद्रांक शुल्क ७ टक्के, म्हणजे ८ लाख ४० हजार. नोंदणी फी १ टक्का, पण कमाल ३० हजार. करारातली किंमत आणि सरकारी दरतक्त्यानुसार (रेडी रेकनर) येणारे मूल्य, यांतले जे जास्त त्यावर शुल्क लागते. तेव्हा त्या सर्व्हे नंबरचा दर नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर आधीच बघून ठेवा.

खरेदीदार फक्त महिला असेल तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत मिळते, इथे १ लाख २० हजार. नवऱ्याचे नाव जोडले की ही सवलत जाते. बरीच जोडपी हे नोंदणीच्या आदल्या दिवशी ऐकतात आणि तोवर बँकेत दोघांच्या नावे कर्ज मंजूर झालेले असते. खरेदी कोणाच्या नावावर आणि कर्जात सहअर्जदार कोण, हे दोन प्रश्न वेगळे आहेत. पत्नी मालक आणि नवरा केवळ सहअर्जदार हे चालते का, ते बँकेला पहिल्याच भेटीत विचारा.

७५ लाखांपेक्षा मोठ्या गृहकर्जात रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार घराच्या मूल्याच्या ७५ टक्क्यांपर्यंतच कर्ज मिळते आणि त्या मूल्यात मुद्रांक शुल्क, नोंदणी धरत नाहीत. म्हणजे कर्ज जास्तीत जास्त ९० लाख. तुमच्या खिशातून ३० लाख अधिक ८ लाख ७० हजार, वर एजंटची दलाली (बहुधा १ ते २ टक्के), वकील, सोसायटीचे हस्तांतरण शुल्क, रंगकाम. एकूण ४१-४२ लाख हाताशी नसतील तर १ कोटी २० लाखांचे फ्लॅट बघण्यात शनिवार-रविवार घालवू नका.

तपासा: कर्जाचे तत्त्वतः मंजुरीपत्र आत्ताच घेऊन ठेवा. ते हातात असले की एजंटच्या ‘दुसरी पार्टी उद्या येतेय’ला उत्तर देता येते.

## टप्पा २: यादी गाळताना इमारतीचे वय बघा

या भागात ढोबळमानाने तीन प्रकारच्या इमारती विक्रीला असतात.

ऐंशी-नव्वदच्या दशकातल्या, तीन-चार मजली, बहुतेक बिनलिफ्टच्या. मेंटेनन्स अगदी कमी, खोल्या ऐसपैस. पण तो मेंटेनन्स कमी असतो कारण दुरुस्ती पुढे ढकललेली असते. त्यातल्या बऱ्याच ठिकाणी पुनर्विकासाची बोलणी चालू असतात. ‘लवकरच रीडेव्हलपमेंट, मोठा फ्लॅट मिळेल’ या आश्वासनाची किंमत विक्रेता आजच वसूल करतो. राहायला घर हवे असेल तर हा प्रकार सोडा.

दहा-पंधरा वर्षांच्या इमारती. लिफ्ट आहे, पार्किंग आहे, आणि पहिल्या मोठ्या खर्चाची वेळ नेमकी याच वयात येते: बाहेरचा रंग, गच्ची, लिफ्टचे मोठे सुटे भाग. हा खर्च नुकताच होऊन गेलेली इमारत माझ्या मते सर्वांत चांगली खरेदी.

पुनर्विकासातून उभ्या राहिलेल्या नव्या इमारती. जाहिरातीतले ‘आधुनिक घर’ बहुतेक वेळा हेच. यांचा एक मोठा फायदा म्हणजे सोसायटी आधीपासून अस्तित्वात असते आणि अनेकदा जमीनही तिच्याच नावावर असते. बिल्डरच्या मागे अभिहस्तांतरणासाठी (जमीन सोसायटीच्या नावावर करून घेण्यासाठी) फिरावे लागत नाही. तोटा: छोट्या प्लॉटवर उंच इमारत, यांत्रिक पार्किंग, दोन लिफ्ट, जनरेटर, अग्निशमनाचे पंप आणि हा सगळा खर्च वाटून घ्यायला घरे मात्र पंचवीस-तीस. इमारत चकचकीत आणि मेंटेनन्स जबरदस्त, हे इथेच घडते.

पहिला ताबा दिल्यापासून पाच वर्षांच्या आतली इमारत असेल तर रेरा कायद्यानुसार बांधकामातले दोष बिल्डरने विनामूल्य दुरुस्त करून द्यायचे असतात. हा कालावधी तुम्ही घेतल्यापासून नव्याने मोजला जात नाही, म्हणून किती महिने शिल्लक आहेत ते विचारा.

## टप्पा ३: पहिली भेट इमारतीला, फ्लॅटला नव्हे

एजंटने दिलेल्या वेळेच्या अर्धा तास आधी एकटेच पोहोचा.

सुरुवात पार्किंगपासून. छताला गंजलेल्या सळया, पांढरे क्षाराचे डाग, ड्रेनेजच्या पाइपांना बांधलेल्या चिंध्या दिसतात का? पार्किंग यांत्रिक असेल तर तुमचीच गाडी एकदा वर चढवून पाहा. अनेक यंत्रांत उंच गाड्या, एसयूव्ही बसत नाहीत आणि हे ताबा घेतल्यावर कळते. बंद पडलेल्या पॅलेटवर धूळ साचली असेल तर तेही उत्तरच आहे.

मग वॉचमन. ‘दादा, उन्हाळ्यात टँकर किती येतात?’ हा प्रश्न विक्रेत्याला विचारून उपयोग नाही, वॉचमनला विचारा. टँकरची पावती तोच घेतो. शिवाय दुरुस्तीच्या कामासाठी महापालिका पाणीपुरवठा बहुधा गुरुवारी बंद ठेवते आणि शुक्रवारी सकाळी पाणी उशिरा, कमी दाबाने येते. एक फेरी शुक्रवारी सकाळी मारा. टाकीची साठवण पुरते की नाही, बोअरवेलवर किती भिस्त आहे, ते तेव्हाच उघडे पडते. बोअरचे जड पाणी वापरात असेल तर सोलर हीटरमध्ये, गीझरमध्ये, नळांत क्षार साचतात. कमी देखभालीच्या घराची सगळी गणिते इथे बिघडतात.

जिना चढत गच्चीवर जा. लिफ्टने नको. प्रत्येक मजल्यावरच्या डक्टमध्ये डोकावा. गच्चीवर पाणी साचल्याचे हिरवे-काळे वर्तुळ, फुटलेला कोबा, कठड्याच्या भेगा, टाक्यांची झाकणे, सोलर पॅनेल गळते का, एवढे पाहा. पुण्यात पाऊस बहुधा पश्चिम-नैऋत्येकडून झोडपतो, म्हणून इमारतीची पश्चिमेची भिंत बाहेरून नीट न्याहाळा. केसाएवढ्या भेगांचे जाळे असेल तर त्या बाजूच्या बेडरूममध्ये ओल येणारच.

परिसराचेही थोडे. नदी किंवा ओढ्याजवळची इमारत असेल तर पूररेषा बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका. २५ सप्टेंबर २०१९च्या रात्री आंबिल ओढ्याने सहकारनगर-अरण्येश्वर भागात आणि २५ जुलै २०२४ रोजी मुठेने सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत काय केले, ते पुणेकरांना सांगायला नको. निळी आणि लाल पूररेषा महापालिकेच्या विकास आराखड्याच्या नकाशात बघता येते. बुजवलेला नाला मात्र नकाशापेक्षा जुन्या दुकानदाराला जास्त माहीत असतो.

इशारा: वनाज, आयडियल कॉलनी, नळ स्टॉप या मेट्रो स्थानकांपासूनचे अंतर जाहिरातीत नेहमी ‘५ मिनिटे’ असते. ते चालत मोजा, आणि घरातल्या ज्येष्ठ माणसाच्या चालीने मोजा.

## टप्पा ४: आता फ्लॅटच्या आत

दुसऱ्या भेटीला टेप किंवा लेझर मीटर, टॉर्च, तीन पिनांचा टेस्टर आणि महापालिकेने मंजूर केलेल्या नकाशाची प्रत घेऊन जा. नकाशा विक्रेत्याकडे किंवा सोसायटीकडे असतो.

आधी मोजमाप. जाहिरातीत ‘सेलेबल’ एरिया असतो, म्हणजे जिना, लिफ्ट अशा सामाईक जागांचा वाटा धरून फुगवलेला. तुम्ही कार्पेट, म्हणजे भिंतींच्या आतली वापरायची जागा, मोजा आणि मूळ करारनाम्यातल्या आकड्याशी ताडा. मग नकाशाशी तुलना. आपल्याकडे हॉलला लागून असलेली उघडी टेरेस आत घेणे, ड्राय बाल्कनीचे स्वयंपाकघर करणे, दोन फ्लॅटमधली भिंत पाडणे हे सर्रास चालते. ‘सगळ्यांनीच केलंय’ हे खरे असले तरी बँकेचा मूल्यमापक वाढीव भाग धरत नाही आणि उद्या नोटीस आली तर ती तुमच्या नावे येईल.

पाणी. दोन्ही बाथरूमचे शॉवर आणि स्वयंपाकघराचा नळ एकाच वेळी सोडा, मग फ्लश करा. दाब किती पडतो? नहाणीत दहा मिनिटे पाणी साचू द्या आणि खालच्या मजल्यावर जाऊन बेल वाजवा. ‘काकू, आम्ही वरचा फ्लॅट बघायला आलोय, तुमच्याकडे ओल येते का हो?’ एवढे विचारले की काकू पुढचे सगळे स्वतःहून सांगतात, वरच्यांशी तीन वर्षे चाललेल्या भांडणासकट. संडास-बाथरूमची अंतर्गत गळती ही सभासदाची जबाबदारी असते. गच्चीतून, बाहेरच्या भिंतीतून येणारे पाणी सोसायटीची. आदर्श उपविधीत (सोसायट्यांसाठीच्या सरकारी नमुना नियमावलीत) ही विभागणी स्पष्ट आहे, तेव्हा ओल दिसली की ती कुठल्या बाजूची हे ठरवूनच किंमत बोला.

एकाच भिंतीला ताजा रंग किंवा एकाच कोपऱ्यात वॉलपेपर दिसला तर हात लावून बघा. बाथरूमच्या खाली येणाऱ्या खोलीत फॉल्स सीलिंग असेल तर एक लाइट काढून आत टॉर्च मारू द्या म्हणा. विक्रेता नकार देत असेल तर त्याचे कारण समजून घ्या.

कमी देखभालीचे साहित्य कुठले, याबद्दल जाहिरातींत फार गोंधळ असतो. व्हिट्रिफाइड टाइल्स, ग्रॅनाइटचा ओटा, जाड सेक्शनच्या अॅल्युमिनियम किंवा यूपीव्हीसी खिडक्या जाळीसकट, काळ्या दगडाचे उंबरे आणि खिडकीच्या चौकटी: हे खरे बिनकटकटीचे. इटालियन मार्बलला दर काही वर्षांनी पॉलिश लागते. बाल्कनीतले लाकडी डेक आपल्या पावसात फुगते. काचेचे रेलिंग सुंदर दिसते आणि दर आठवड्याला पुसावे लागते. ट्रॉल्या प्लायच्या की एमडीएफच्या ते सिंकखालचे दार उघडून बघा. फुगलेली कड लगेच सांगते. विक्रेत्याने ‘फर्निचरसकट’ म्हणून लावलेले चार-पाच लाख बहुधा या फुगलेल्या ट्रॉल्यांचे असतात.

इन्व्हर्टर, एसी पॉइंट, अर्थिंग टेस्टरने पाहा. पाइप गॅस (एमएनजीएल) चालू आहे की फक्त पाइप टाकून ठेवलाय, तेही.

## टप्पा ५: सोसायटीची कागदपत्रे (हाच मुख्य टप्पा)

तुम्ही बाहेरचे, सोसायटी तुम्हाला कागद देणार नाही. विक्रेता सभासद आहे, त्याला मागता येतात. त्याच्याकरवी मागवा: गेल्या तीन वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल व ताळेबंद, गेल्या दोन वार्षिक सभांची इतिवृत्ते, मेंटेनन्सची ताजी पावती, लिफ्ट आणि पार्किंगचे वार्षिक देखभाल करार.

ताळेबंदात चार गोष्टी शोधा.

१. सिंकिंग फंड (मोठ्या दुरुस्तीसाठी किंवा पुनर्बांधणीसाठी साठवलेला निधी) आणि दुरुस्ती निधी. आदर्श उपविधीनुसार दरवर्षी बांधकाम खर्चाच्या किमान ०.२५ टक्के सिंकिंग फंडात आणि ०.७५ टक्के दुरुस्ती निधीत जमा व्हायला हवेत. आकडा कागदावर असतो. तेवढी मुदत ठेव बँकेत खरोखर आहे का ते पाहा. नसेल तर पुढच्या मोठ्या दुरुस्तीला प्रत्येक घरामागे वर्गणी निघणार. मेंटेनन्स ‘फक्त दोन हजार’ असण्याचे रहस्य अनेकदा हेच.

२. थकबाकी. चार-पाच सभासदांकडे लाखोंनी बाकी असेल तर त्यांचा भार बाकीचे उचलत आहेत.

३. पाणी आणि वीज या खर्चाच्या ओळी. टँकरचा खर्च तीन वर्षांत कसा वाढला ते पाहा.

४. कोर्टकचेऱ्या. ‘कायदेशीर खर्च’ ही ओळ मोठी असेल तर इतिवृत्तात कारण सापडेल.

इतिवृत्ते वाचायला कंटाळा येतो हे मान्य, पण ‘गच्चीच्या गळतीबाबत चर्चा झाली, निर्णय पुढील सभेत’ हे वाक्य सलग दोन वर्षे दिसले तर टॉवरच्या काचेच्या दर्शनी भागापेक्षा ते जास्त माहिती देते.

याशिवाय: इमारत १५ ते ३० वर्षांची असेल तर दर पाच वर्षांनी आणि ३० वर्षांपुढे दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट करायचे असते. अहवाल मागा. उंच इमारतीत अग्निशमन यंत्रणेचे ‘फॉर्म बी’ प्रमाणपत्र दर जानेवारी आणि जुलैला घ्यावे लागते. ते नसेल तर समितीचा कारभार कसा चालतो याची कल्पना येते. आणि भोगवटापत्र (ओसी), म्हणजे इमारत राहायला योग्य असल्याचा महापालिकेचा दाखला. ‘पार्ट ओसी आहे, पूर्ण येतंय’ असे म्हटले तर तुमचा फ्लॅट त्या अंशतः भोगवट्यात आहे का, हे मजला आणि क्रमांकासकट तपासा.

अभिहस्तांतरण झाले आहे का, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर आली का, तेही विचारा. मालमत्ता पत्रकावर किंवा सातबारावर सोसायटीचे नाव दिसते. नसेल आणि मानीव अभिहस्तांतरणाचा (बिल्डर सहकार्य करत नसताना सरकारकडून जमीन नावावर करून घेण्याचा) अर्जही केलेला नसेल तर भविष्यातला पुनर्विकास अडतो. किंमत ठरवताना ते धरा.

पुण्यात आणखी एक खाचखळगा आहे. गेटवर ‘सोसायटी’ लिहिलेले असले तरी प्रत्यक्षात ते ‘अपार्टमेंट’ असू शकते, १९७०च्या महाराष्ट्र अपार्टमेंट मालकी कायद्याखाली नोंदलेले. तिथे शेअर सर्टिफिकेट नसते. घोषणापत्र आणि डीड ऑफ अपार्टमेंट असते, आणि जमिनीतला तुमचा अविभक्त हिस्सा टक्क्यांत लिहिलेला असतो. ‘शेअर सर्टिफिकेट हरवलंय’ असे सांगणाऱ्या विक्रेत्याकडे ते कधी नव्हतेच, असेही निघते.

तपासा: पार्किंग. विक्रेत्याच्या करारात पार्किंगचा उल्लेख आहे की सोसायटीने वाटप केले आहे? जुन्या, मोफा कायद्याखालच्या (रेराच्या आधीचा फ्लॅट मालकीचा राज्य कायदा) इमारतींत बिल्डरला उघडे किंवा स्टिल्ट पार्किंग स्वतंत्रपणे विकता येत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१०चा निकाल आहे. त्यामुळे ‘मी दोन लाख देऊन विकत घेतलंय’ एवढ्यावर विसंबू नका. वाटपाचे सोसायटीचे पत्र मागा.

## टप्पा ६: मालकी कोणाची, विकतोय कोण

वकील तुमचा असावा, एजंटचा नको. त्याच्याकडून ३० वर्षांचा शोध अहवाल घ्या (इमारत नवी असली तरी जमीन जुनी आहे), बिल्डरपासून आजपर्यंतची करारांची सलग साखळी, प्रत्येकाचा इंडेक्स-२ (नोंदणीचा सरकारी उतारा) आणि मूळ प्रती बघा. मधला एक करार नोंदवलेला नसेल किंवा मूळ प्रत हरवली असेल तर पोलिसांत तक्रार, जाहीर नोटीस, नोंदणी कार्यालयातून प्रमाणित प्रत, हे सगळे विक्रेत्याने आधी पूर्ण करायचे.

या भागात वारंवार येणारी दोन प्रकरणे.

नॉमिनी. काका गेले, काकूंच्या किंवा एका मुलाच्या नावावर सोसायटीने शेअर्स चढवले आणि आता तो मुलगा विकतोय. नामनिर्देशन झाले म्हणून तो एकटा मालक होत नाही; हक्क सर्व वारसांचा असतो. इतर वारसांचे नोंदणीकृत हक्कसोडपत्र हवे किंवा सगळ्यांनी खरेदीखतावर सही करायला हवी. ‘बहीण काही म्हणणार नाही’ हा कागद नव्हे.

परदेशातली मुले. आईवडिलांचा कोथरूडचा फ्लॅट, मालक न्यू जर्सीत, व्यवहार मामा करणार मुखत्यारपत्रावर. इथे दोन जागी लोक फसतात. पहिली: परदेशात केलेले मुखत्यारपत्र तिथल्या भारतीय वकिलातीतून साक्षांकित किंवा अपोस्टिल (त्या देशाच्या सरकारने खरेपणाचा शिक्का मारलेले) केलेले हवे आणि महाराष्ट्रात आल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक लागायला हवा. त्यात ‘विक्री करणे’ आणि ‘मोबदला स्वीकारणे’ हे अधिकार शब्दशः आहेत का ते वाचा. व्हिडिओ कॉलवर मालकाशी स्वतः बोला. दुसरी, जास्त महागाची: विक्रेता अनिवासी असेल तर १ टक्का टीडीएस (विक्रेत्याला पैसे देताना खरेदीदाराने कापून सरकारजमा करायचा आयकर) कापून भागत नाही. दर कितीतरी जास्त असतो, ५० लाखांची मर्यादा लागू होत नाही, आणि विक्रेत्याने आयकर खात्याकडून कमी कपातीचे प्रमाणपत्र आणले नसेल तर कपात नफ्यावर नाही, पूर्ण रकमेवर करावी लागते. कापली नाही तर वसुली तुमच्याकडून. तेव्हा ‘मालक सध्या कुठे राहतात?’ हा प्रश्न पहिल्याच फोनवर विचारा आणि परदेशात असतील तर व्यवहार सीएशिवाय करू नका.

विक्रेत्याचे कर्ज चालू असेल तर बँकेकडून शिल्लक रकमेचे पत्र आणि तिच्याकडे असलेल्या मूळ कागदपत्रांची यादी मागवा.

वकिलाच्या नावे वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्या. विक्रेत्याला ती अपमानास्पद वाटते, तरी द्या.

## टप्पा ७: विसार पावती

आता, आणि आत्ताच, पैसे. विसाराची (टोकनची) रक्कम लहान ठेवा आणि फक्त बँकेतून, विक्रेत्याच्याच खात्यात द्या. मालमत्तेच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने घेणे आयकर कायद्यानुसार चालत नाही.

पावतीत हे लिहिलेले असू द्या: फ्लॅटचे पूर्ण वर्णन, पार्किंगचा क्रमांक, एकूण किंमत आणि त्यात काय-काय येते (कुठले फर्निचर राहणार, कुठले एसी जाणार), नोंदणीची शेवटची तारीख, आणि मालकी हक्कात दोष निघाला किंवा त्या कारणाने कर्ज नाकारले गेले तर विसार किती दिवसांत परत मिळेल. शेवटची अट बहुतेक छापील नमुन्यांत नसते. हाताने लिहा.

इशारा: मुद्रांक वाचवायला किंमत फोडून निम्मा ‘फर्निचर करार’ करण्याचा सल्ला मिळेल. बँक त्यावर कर्ज देत नाही, आणि पुढे तुम्ही विकाल तेव्हा तुमची खरेदी किंमत कमी धरली जाऊन करही जास्त बसेल.

## टप्पा ८: कर्ज आणि टीडीएस

बँक सोसायटीचे ना-हरकत पत्र तिच्या नमुन्यात मागते. समितीची बैठक महिन्यातून एकदा होते, सचिव गावाला जातात. म्हणून विसार दिल्या दिवशीच अर्ज द्या. हस्तांतरण अधिमूल्य (फ्लॅट नव्या मालकाच्या नावावर करताना सोसायटी घेते ती रक्कम) महापालिका क्षेत्रातल्या गृहनिर्माण सोसायटीत कमाल २५ हजार. ‘बिल्डिंग डेव्हलपमेंट फंडाला ऐच्छिक देणगी’ म्हणून लाख-दोन लाख मागितले तर नियमाची आठवण नम्रपणे, पण लेखी करून द्या. आणि हे पैसे खरेदीदाराने भरायचे की विक्रेत्याने, ते विसार पावतीतच ठरवून टाका.

निवासी विक्रेता आणि किंमत ५० लाख किंवा जास्त: प्रत्येक हप्त्यातून १ टक्का टीडीएस कापायचा, विसारातूनही. ज्या महिन्यात कापला तो संपल्यापासून ३० दिवसांत आयकराच्या संकेतस्थळावर भरायचा. दोन खरेदीदार आणि दोन विक्रेते असतील तर प्रत्येक जोडीचे वेगळे, म्हणजे चार फॉर्म. हा १ टक्का किमतीतूनच जातो, वरचा खर्च नव्हे.

विक्रेत्याच्या बँकेचे कर्ज फेडायचे असेल तर तुमची बँक तेवढा धनादेश थेट त्या बँकेच्या नावे काढते. पूर्ण परतफेडीनंतर ३० दिवसांत मूळ कागद परत करणे बँकेवर बंधनकारक आहे, उशीर झाला तर दिवसाला ५ हजार भरपाई. या मधल्या काळात कागद कोणाच्या हाती येणार, हे दोन्ही बँकांकडून लेखी घ्या.

## टप्पा ९: नोंदणी

कर्ज असेल तर बहुधा आधी साठेखत (विक्रीचा करार) नोंदवले जाते आणि त्यावरच पूर्ण मुद्रांक शुल्क भरले जाते; पैसे पोहोचल्यावर खरेदीखत. दुसऱ्यांदा पूर्ण शुल्क लागत नाही. कर्ज नसेल तर थेट खरेदीखत करा.

मसुदा स्वतः, सावकाश, छापून वाचा. चुका नेमक्या याच जागी होतात: सर्व्हे नंबर आणि हिस्सा नंबर, फ्लॅटचा मजला, कार्पेट की बिल्ट-अप, पार्किंगचा उल्लेख गाळणे, नावाचे स्पेलिंग आधार आणि पॅनवर वेगळे. चुकदुरुस्ती लेखासाठी विक्रेत्याला परत बोलवावे लागते, आणि तोवर तो बंगळुरूला मुलाकडे गेलेला असतो.

हवेलीच्या कोणत्याही सह दुय्यम निबंधक कार्यालयाची वेळ घ्या. डेटा एंट्री ऑनलाइन आधी होते, तीही स्वतः तपासा. मूळ आधार, पॅन, दोन साक्षीदार. सही केल्यापासून चार महिन्यांत दस्त नोंदवता येतो, पण तेवढे थांबायचे काहीच कारण नाही. बाहेर पडण्याआधी इंडेक्स-२ वाचा.

कर्ज घेतले असेल तर गहाणाची सूचना ३० दिवसांत दाखल करायची असते. बँकेचा माणूस करतो. पावती मात्र तुम्ही मागून घ्या.

## टप्पा १०: ताबा, आणि त्यानंतरचे कंटाळवाणे काम

शेवटचा हप्ता आणि किल्ल्या एकाच वेळी. त्या दिवशी वीज मीटरचा फोटो, मिळकत कर भरल्याची पावती, सोसायटीचा थकबाकी नसल्याचा दाखला, पाइप गॅसचे शेवटचे बिल, मागच्या लिफ्टच्या किंवा वॉटरप्रूफिंगच्या वर्गणीची पावती, सगळ्या किल्ल्या (टपालपेटीचीसुद्धा) आणि ताबा पावती. सोसायटीची जुनी बाकी निघाली तर उपविधीनुसार २१ टक्क्यांपर्यंत व्याज लागू शकते आणि समिती ती तुमच्याकडे मागणार.

त्यानंतर या क्रमाने: सोसायटीत सभासदत्वाचा अर्ज आणि शेअर सर्टिफिकेटवर नाव, महावितरण, एमएनजीएल, महापालिकेच्या कर आकारणी विभागात मिळकत कराचे नाव. इथे लोक हमखास एक गोष्ट विसरतात. स्वतः राहणाऱ्या मालकाला पुणे महापालिका करात ४० टक्के सवलत देते आणि त्यासाठी पीटी-३ अर्ज लागतो. आधीचा मालक भाडेकरू ठेवत असेल तर सवलत बंद असण्याची शक्यता मोठी, आणि बिल तसेच येत राहते. पर्जन्यजल संधारण, सोलर यांसाठीची ५ ते १० टक्क्यांची सूट इमारतीला मिळते का, तेही त्याच खेपेत विचारून घ्या.

आत राहायला जाण्याआधी, घर रिकामे असताना, करायची कामे तीनच: बाथरूमच्या टाइल्सच्या फटी इपॉक्सीने भरून घेणे, जुने अँगल कॉक आणि कनेक्शन पाइप सरसकट बदलणे, खिडक्यांच्या कडांना बाहेरून सीलंट. फॉल्स सीलिंग, वॉल पॅनेलिंग असले काही भिंती झाकणारे काम एक पावसाळा काढल्यावर करा. जुलै-ऑगस्टमध्ये ओल उमटली तर फोटो काढून तारखेसह सोसायटीला पत्र द्या, पोच घ्या; इमारत पाच वर्षांच्या आतली असेल तर तेच पत्र बिल्डरलाही.

आणि सभासदत्व मंजूर झाले की नामनिर्देशनाचा अर्ज लगेच भरा. तीन प्रती लागतात, एक पोचेसह परत मिळते. ती खरेदीखताच्या फाइलमध्येच लावून ठेवा.